बावचीचं सीरम ३ महिने लावलं, त्याआधी बावचीच्या तेलाने हात भाजून घेतला

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबणारे. ज्यांना नुसतं घेऊ की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी: रेटिनॉलने (सुरकुत्या-डागांसाठी लावतात ते व्हिटॅमिन ए) चेहरा सोलवटून निघत असेल तर घ्या, पिंपल्सचे जंतू मरतील ह्या आशेवर घेत असाल तर नका घेऊ, आणि बाटलीवर बाकुचिऑल (ह्या सीरममधलं मुख्य द्रव्य) न लिहिता नुसतं बावची तेल असं लिहिलं असेल तर ती चेहऱ्याच्या आसपास पण नेऊ नका. बाकीच्यांनी बसून वाचा.

ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाहीये. एक तर तेलवाले आणि सीरमवाले वेगवेगळे आहेत, आणि दुसरं म्हणजे जे घोळ मला ह्या दोघांत दिसले तेच नंतर मी बघितलेल्या निम्म्याअधिक लेबलांवर दिसले, त्यामुळे एकट्यालाच कशाला बडवायचं.

तर सुरुवात तेलापासून. माझ्या कोपराच्या खाली एक गोल खाजरा चट्टा उठला होता. मला वाटलं नायटा असणार. नणंदेने कुठेतरी वाचलेलं की बावचीच्या बिया जंतू पण मारतात आणि बुरशी पण, तिने लगेच तेल मागवूनच टाकलं. मी म्हटलं थांब जरा, बघू तरी काय असतं ते, तर म्हणते कशी, "वहिनी, तू ना प्रत्येक गोष्टीचं लेबल वाचत बसतेस, अगं झाडाचंच तर आहे, काय होणारे?" आणि गंमत अशी की त्या दिवशी मी लेबल खरंच वाचलं होतं. त्यावर काही नव्हतंच ना! जंतुनाशक, त्वचारोगांवर गुणकारी, १००% शुद्ध. संपलं. उन्हाचा उ सुद्धा नाही.

दोन दिवस रात्री लावलं, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लावलं आणि स्कूटर काढून कामाला बाहेर पडले, अर्ध्या बाह्यांचा ड्रेस, भर दुपारी परत. त्या दिवशी पण काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात असा चुरचुरायला लागला की इस्त्रीला टेकला की काय असं वाटावं, आणि त्याच्या पुढच्या दिवशी फोड. तेही कसे, तर चट्ट्यापुरते नाही, तेल जिथून जिथून ओघळून मनगटाकडे आलं होतं त्या ओघळाच्या बरोब्बर आकारात, जणू कोणी ब्रशने काढलेत. स्किनच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "काही लावून उन्हात गेला होतात का?" मी म्हटलं बावची. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही, लिहायला घेतलं. आणि हो, तो मूळचा चट्टा नायटा नव्हताच, एक्झिमा होता. म्हणजे मारायला जंतूच नव्हता तिथे. फोड आठवड्याभरात बसले पण त्यांचा काळपट डाग जायला चार महिने लागले.

आता हे का झालं ते मी मग हट्टाने वाचून काढलं, कारण नवऱ्याने तोवर "ऍलर्जी असेल तुला" असं निदान करून टाकलं होतं. ऍलर्जी नाही. बावचीच्या बीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीत मुरतं, पेशीतल्या डीएनएच्या जिन्याच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतं आणि बसून राहतं, काही करत नाही. मग त्यावर उन्हातले यूव्हीए किरण पडले की ते डीएनएच्या दोन्ही दोऱ्यांना पकडून टाके घालतं. पेशी मरते. त्यामुळे तेल लावलं आणि घरात बसलात तर काही नाही, उन्हात गेलात तर भाजणार, आणि तेही लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी, त्यामुळे आपण तिसऱ्याच कशाला तरी शिव्या घालत बसतो. हे कोणाच्याही कातडीवर होऊ शकतं, ऍलर्जी असायची गरज नाही.

ह्याच गुणाचा औषध म्हणून उपयोग पण होतो बरं का. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावची लावून ऊन देतात ते ह्याचसाठी, रंग यावा म्हणून. जुन्या ग्रंथांत तिचं एक नाव कुष्ठघ्नी आहे, आणि त्यात कुष्ठ म्हणजे एकच रोग नाही, कातडीचे बरेच रोग त्यात येतात. आधुनिक मेडिसिनमध्ये सोरालेन आणि यूव्हीए मिळून पुवा नावाची ट्रीटमेंट आहे, सोरायसिससाठी ती १९७४ पासून गाजली. पण तिथे डोस मोजलेला, किरणं मोजलेली, डोळ्यांना गॉगल, समोर डॉक्टर. इथे मी, स्कूटर आणि भर दुपारचं ऊन.

एवढं भाजल्यावर पुन्हा बावचीच्या वाट्याला का गेलीस असं आई पण म्हणाली. त्याचं कारण रेटिनॉल. मला रेटिनॉल सोसत नाही, तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा नाकाच्या बाजूला सालपटं आणि हसलं की चुरचुर. मग बाकुचिऑलबद्दल ऐकलं, आणि ते कशातून काढतात बघितलं तर काय, बावचीची बी! मी मोबाइल खाली ठेवून दिला होता आधी. पण मग वाचत गेले आणि कळलं की एकाच बीत दोन वेगळ्या स्वभावाची मंडळी राहतात आणि मला चावलेली ती ही नाही.

बाकुचिऑल १९६६ मध्ये शोधलं गेलं, आणि कुठे तर पुण्याच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत. मेहता, नायक आणि सुख देव ह्या तिघांनी ते ह्या बियांतून वेगळं काढलं आणि नाव ठेवलं बाकुची ह्या संस्कृत नावावरून. जगभरचे लोक आज बाकुचिऑल बाकुचिऑल करतात, वाटतं काहीतरी जपानी-कोरियन असेल, तर ही आपली बावची. मात्र कॉस्मेटिकमध्ये ते यायला २००७ उजाडलं, म्हणजे चाळीस वर्षं ते नुसतं शोधनिबंधातच पडून होतं. सोरालेनचा माग त्याच्याही आधीचा, बावचीच्या बियांची केमिस्ट्री मैसूरकडच्या लोकांनी १९३३ मध्येच छापली होती.

रचना सांगायची तर बाकुचिऑलच्या एका टोकाला फिनॉल आहे आणि दुसऱ्या टोकाला लांब तेलकट शेपूट. फिनॉल हे घराणंच जंतूंशी वैर असलेलं. लिस्टर ह्या ब्रिटिश सर्जनने १८६५ मध्ये जखमांवर वापरलेलं कार्बॉलिक ऍसिड म्हणजे साधं फिनॉलच, ओव्याच्या बियांत जे थायमॉल असतं ते पण त्याच कुळातलं. त्यामुळे बावचीची बी जंतू मारते ह्यात थाप काही नाही. बाकुचिऑल आहे, बावचिनिन आहे, सोरालिडिन आहे, आयसोबावचाल्कोन आहे, अख्खी पलटण आहे आत. बी म्हणजे झाडाची पुढची पिढी, ती मातीत ओलीत पडून राहणार, चहूबाजूंनी बुरशी आणि जिवाणू टपलेले, मग झाडाने शिदोरीबरोबर शस्त्रं पण बांधून दिली तर नवल काय. (आपण बी बी म्हणतो ते खरं तर फळ आहे म्हणे, एकच बी असलेली छोटी शेंग आणि तिचं टरफल बीला असं चिकटलेलं की सुटत नाही. उगाच सांगितलं, मला आवडलं हे.)

आता सीरम.

काचेची गडद तपकिरी बाटली, ड्रॉपरवाली. ड्रॉपर मला आवडत नाही, दर वेळी उघडा, हवा आत जाऊ द्या, त्यापेक्षा पंप दिला असता तर बरं झालं असतं, कारण तिसऱ्या महिन्यात सीरमचा रंग फिक्या पिवळ्यावरून जरा गडद झालेला मला स्पष्ट दिसला. टेक्स्चर छान, तेलकट आहे पण चिकट नाही, तीन थेंब अख्ख्या चेहऱ्याला आणि मानेला पुरतात. वास मात्र आहे. वर कसला तरी फुलांचा सुगंध घातलाय आणि त्याच्याखालून बावची हळूच डोकं काढते, ओल्या लाकडासारखा कडवट वास. तेलाच्या मानाने काहीच नाही म्हणा, त्या तेलाची बाटली उघडली की नवरा खोलीतून उठून जायचा. ग्रंथात हिचं अजून एक नाव पूतिफली आहे, पूति म्हणजे दुर्गंध, त्यामुळे ही तक्रार काही माझी एकटीची नाही, बरीच जुनी आहे.

लेबलवर बाकुचिऑल ०.५% असं लिहिलंय, ही जमेची बाजू. खूप ब्रँड "बाकुचिऑल कॉम्प्लेक्स ५%" असं काहीतरी मोठ्या अक्षरात लिहितात आणि मग कॉम्प्लेक्समध्ये चार तेलं आणि चिमूटभर बाकुचिऑल, कॉम्प्लेक्स हा शब्द दिसला की मी आता पान उलटते. पण ह्यांच्या यादीत खाली खाली जात गेलं तर "बावची बीज अर्क" असं पण एक नाव आहे! आता हे का? शुद्ध बाकुचिऑल आहे ना आत, मग अर्क कशाला? शुद्ध बाकुचिऑल बनवताना सोरालेन काढून टाकता येतं, त्याला रिंगसारखी एक जागा असते ती अल्कलीने उघडते आणि मग ते पाण्यात विरघळून वेगळं होतं, बाकुचिऑल तेलात मागे राहतं. पण तुम्ही वरून परत कच्चा अर्क घातलात तर त्याच्याबरोबर सोरालेन परत आत आलं की नाही हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? मी कंपनीला मेल केला, साधा एक प्रश्न, तुमच्या सीरममध्ये सोरालेन किती आहे, टेस्ट केलंय का. उत्तर आलं: आमचं प्रॉडक्ट १००% नॅचरल आणि केमिकल-फ्री आहे. अहो ताई किंवा दादा जे कोणी असाल ते, सोरालेन पण १००% नॅचरलच आहे, माझ्या हातावर चार महिने होतं त्याचं नॅचरल सर्टिफिकेट!

तरी मी वापरलं. आधी मनगटाच्या आत टेस्ट केली, मग फक्त रात्री, आणि सकाळी तोंड धुवून सनस्क्रीन, एक दिवस चुकवला नाही. खरं तर बाकुचिऑल दिवसा लावलेलं चालतं, रेटिनॉलसारखं ते उजेडात लगेच मोडत नाही, हा त्याचा मोठा फायदा सांगतात. पण त्या अर्काच्या भानगडीमुळे माझी हिंमत झाली नाही, म्हणजे फायद्यातला अर्धा फायदा कंपनीनेच घालवला.

पहिले तीन आठवडे ढिम्म. पाचव्या आठवड्यात कातडी जरा मऊ वाटायला लागली पण ते तेलामुळे पण असेल. नवव्या आठवड्यात गालावरचे दोन जुने डाग फिके झालेत असं मला वाटलं, मी फोटो काढत होते दर रविवारी त्याच खिडकीत, तर फोटोत पण दिसले. कपाळावरच्या रेषा? आहेत तिथेच आहेत, थोड्या नरम म्हणा. पण सालपटं शून्य, चुरचुर शून्य. तीन महिन्यांत एकदाही नाही. माझ्यासाठी हीच मोठी गोष्ट.

हे अगदी अभ्यासाला धरून आहे. २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजीत एक ट्रायल छापून आली, ४४ जण, १२ आठवडे, काहींना ०.५% बाकुचिऑल दिवसातून दोनदा आणि काहींना ०.५% रेटिनॉल एकदा, कोणाला काय ते ना त्यांना माहीत ना तपासणाऱ्याला. सुरकुत्या आणि डाग दोघांचेही कमी झाले, दोघांत म्हणावा असा फरक नाही, मात्र रेटिनॉलवाल्यांची सालं जास्त निघाली आणि चुरचुर जास्त झाली. ४४ म्हणजे फार नाहीत, हे खरं. आणि दोनदा विरुद्ध एकदा, हे पण लक्षात ठेवा, मी एकदाच लावत होते. गमतीचा भाग असा की बाकुचिऑल आणि रेटिनॉल ह्यांच्या रचनेत काही म्हणजे काही साम्य नाही, तरी कातडीच्या पेशीत जीन चालू-बंद करायचा पॅटर्न बराच सारखा पडतो असं २०१४ च्या एका पेपरात दाखवलंय.

आता ज्या दाव्यावर माझा खरा राग आहे तो. खोक्यावर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात: जंतूंवर प्रभावी, संशोधनाने सिद्ध. कुठलं संशोधन ते साइटवर दिलंय, म्हणून मी जाऊन बघितलं. २००१ चा पेपर आहे, चांगला पेपर आहे, खोटं काही नाही. पण तो दातांवर आहे! स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, दात किडवणारा जिवाणू. त्यात दिसलं की मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम बाकुचिऑल असेल तर त्याची वाढ पूर्ण थांबते, आणि तो चिकटून बसलेला असताना पण त्याच्यावर परिणाम होतो, त्यामुळे माउथवॉशसाठी उपयोगी पडेल असं ते लोक म्हणतात. माउथवॉशसाठी! आणि ह्यांनी तो पुरावा उचलून हनुवटीवरच्या पिंपलला चिकटवला.

मी पण आधी हिशोब केला आणि खूश झाले होते. ०.५% म्हणजे एका ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. लागतात २०. म्हणजे अडीचशेपट! जंतू काय, जंतूचा बापही टिकायला नको. मग माझ्या हनुवटीवर दर महिन्याला येणारे ते दोन पाहुणे तीनही महिने वेळेवर कसे काय आले?

तर असंय, लॅबमध्ये जंतू पातळ रसात मोकळे पोहत असतात आणि औषध त्याच रसात. चेहऱ्यावर औषध तेलात आहे, त्याला तेलच आवडतं, ते सीरमच्या तेलात आणि कातडीच्या तेलात रमतं, आणि तुम्ही ते तीन थेंब अख्ख्या चेहऱ्यावर पसरवलेत, आणि जिवाणू बसलाय छिद्राच्या तळाशी आणि वर बूच. किती पोचलं तिथे? ते बाटलीवरच्या टक्क्यांवरून कळत नाही. शिवाय पिंपल म्हणजे नुसता जंतू नाही, छिद्र तुंबणं आहे, तेल जास्त सुटणं आहे, हार्मोन्स आहेत, सूज आहे. पिंपल्सवर बाकुचिऑलच्या छोट्या ट्रायल झाल्यात, थोडा फायदा दिसलाय, पण त्यात सूज कमी होण्याचा वाटा असू शकतो, त्याला जंतुनाशक म्हणून विकायचं म्हणजे जरा जास्तच. आणि सगळ्याच जंतूंवर पण नाही बरं, ग्राम पॉझिटिव्ह म्हणतात त्या गटावर ह्या बियांतल्या द्रव्यांचा जोर जास्त, ग्राम निगेटिव्हवाल्यांना बाहेरून एक जादाचं आवरण असतं तिथे ही तेलकट मंडळी अडतात. आणि समजा सगळेच मेले असते, तर ते चांगलं झालं असतं का? कातडीवरचे बरेचसे रहिवासी आपल्याच बाजूचे असतात.

बीत आहे म्हणजे बाटलीत आहे असं नाही, आणि बाटलीत आहे म्हणजे पोचलं असं नाही. आमच्या नणंदेला हे मी फोनवर पाऊण तास समजावलं तर तिचं म्हणणं, मग पोटातून घेतलं तर पोचेल ना, कॅप्सूल मिळतात. नको गं बाई! बावची पोटातून घेऊन लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस छापून आलेल्या आहेत, आणि वैद्य लोक पण ती तशीच देत नाहीत, गोमूत्रात नाहीतर आल्याच्या रसात आठवडाभर भिजवून शोधन करून मग देतात. म्हणजे ज्यांनी ही बी हजारेक वर्षं वापरली त्यांनाही ती सरळ नाही हे माहीत होतं, आणि आपण ऑनलाइन कार्टमध्ये टाकून मोकळे.

प्रेग्नन्सीत चालतं का असं दोघींनी विचारलंय. रेटिनॉल नको असतं तेव्हा, म्हणून बाकुचिऑल सेफ सेफ म्हणून विकतात, पण रेटिनॉल नाही म्हणजे सेफ असं होत नाही, डॉक्टरांना विचारा, माझ्यासारख्या बाईला नको. आणि ऍलर्जी बाकुचिऑलची पण येऊ शकते, तुरळक केसेस आहेत, त्यामुळे मनगटाची टेस्ट टाळू नका.

मार्क द्यायचे तर सीरमला रेटिनॉलचा पर्याय म्हणून ५ पैकी ४, जंतुनाशक म्हणून १, लेबलला २ आणि कस्टमर केअरला त्या मेलसाठी शून्य. तेलाला मार्क देत नाही, त्याने मला दिलेले पुरे आहेत.

दुसरी बाटली घेणार आहे, पण ह्यांची नाही. यादीत बाकुचिऑल हे एकच नाव असलेली, बीज अर्क किंवा बीज तेल कुठेही नसलेली आणि पंपवाली शोधतेय, दोन सापडल्यात, दोघांनाही सोरालेनचा तोच प्रश्न मेल करून ठेवलाय. एकाचं उत्तर आलं, टेस्ट रिपोर्टसकट. दुसऱ्यांनी डिस्काउंट कूपन पाठवलंय.